वनस्पतीपेशीला भिंत का असते आणि प्राणीपेशीला का नसते? आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी आठवीत आहे, वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी यातल्या फरकाचा तक्ता तिला तोंडपाठ आहे, पण युनिट टेस्टमधे "प्राणीपेशीला पेशीभित्तिका का नसते" असं विचारल्यावर ती जागा कोरी सोडून आली. आणि आता घरी विचारतेय की मुळात भिंत असून झाडाला मिळतं काय. मी २६ वर्षं पाचवी ते दहावी विज्ञान शिकवतेय, आणि दरवर्षी पोरं याच जागी अडकतात. कारण तक्त्यात भिंत ही आठ-दहा मुद्द्यांमधला एक मुद्दा म्हणून येते, पण माझ्या मते तो एकच मुद्दा मूळ आहे आणि बाकीचं बरंचसं त्याच्यातूनच निघतं. झाड उभं कसं राहतं, ते चालत का नाही, आपल्याला किडनी का लागते, हे सगळं त्या एका भिंतीपाशी येऊन थांबतं.

सुरुवात सायकलच्या चाकापासून करा. नुसती ट्यूब बाहेर काढून हवा भरत गेलात तर ती फुगत जाते, वेडीवाकडी होते, आणि थांबला नाहीत तर फुटते. तीच ट्यूब टायरमधे घालून हवा भरली की एका मर्यादेनंतर फुगणं बंद आणि घट्ट होणं सुरू, इतकी घट्ट की माणूस वर बसला तरी दबत नाही. वनस्पतीपेशी म्हणजे टायरसकट ट्यूब. ट्यूब म्हणजे पेशीपटल, पातळ आणि नाजूक, टायर म्हणजे पेशीभित्तिका, सेल्युलोजच्या धाग्यांनी विणलेली, आणि हवेच्या जागी पाणी. हे पाणी बहुतेक सगळं मधल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीत असतं, पूर्ण वाढलेल्या पेशीत ८०-९० टक्के जागा एकटी रिक्तिका अडवून बसलेली असते. कारच्या चाकात साधारण ३०-३५ पौंड हवा भरतात ना, पानाच्या साध्या पेशीत त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब सहज असतो, कधी त्याहून जास्तच. हे सांगितल्यावर वर्गात एकदम शांतता होते.

आता पाणी आत जातं कशाने, तर परासरणाने. पेशीच्या आत साखर, क्षार, आम्लं विरघळलेली असतात, बाहेर त्यामानाने साधं पाणी, आणि मधे पेशीपटल जे पाण्याला जाऊ देतं पण विरघळलेल्या गोष्टींना सहजासहजी सोडत नाही. मग पाणी जिकडे विरघळलेलं जास्त तिकडे जातं. पुस्तकात हे वाक्य आहे, मुलं पाठही करतात, पण हाताने केल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही, म्हणून आज संध्याकाळीच एक करा. कच्च्या बटाट्याच्या बोटाएवढ्या लांब फोडी काढा, सगळ्या सारख्या जाडीच्या. अर्ध्या एका ग्लासात साध्या पाण्यात टाका, अर्ध्या दुसऱ्या ग्लासात ज्यात दोन टीस्पून मीठ ढवळलंय. तासाभराने बाहेर काढून मुलीला दोन्ही वाकवायला सांगा. साध्या पाण्यातली फोड ताठ असते, वाकवायला गेलं की कट्कन मोडते. मिठातली चक्क दोरीसारखी वाकते. बटाटा तोच, भिंती त्याच, फक्त आतलं पाणी गेलं. म्हणजे ताठपणा नुसत्या भिंतीचा नव्हता आणि नुसत्या पाण्याचाही नव्हता, दोघांचा मिळून होता, हे तिला स्वतःला म्हणू दे, तुम्ही सांगू नका.

मग तिला मेथीची जुडी आठवायला सांगा. बाजारात मावशी दर थोड्या वेळाने जुड्यांवर पाणी का शिंपडतात, आणि घरी आणलेली मलूल कोथिंबीर देठ पाण्यात बुडवून ठेवली की तासा-दोन तासात पुन्हा उभी का राहते. झाडाला हाडं नाहीत. मोठ्या खोडात लाकूड असतं ते वेगळं, पण पालेभाजी, कोवळी फांदी, फुलाची पाकळी, केळीचं पान, ही सगळी पाण्याच्या दाबावर उभी असतात. लाजाळूचं पान हात लावला की मिटतं तेही हेच, पानाच्या देठाशी जी फुगीर गाठ असते तिच्या एका बाजूच्या पेशी पाणी सोडून देतात, त्या बाजूचा दाब उतरतो आणि पान खाली पडतं. स्नायू नाही, काही नाही, नुसतं पाणी इकडचं तिकडे.

इथे एक गोष्ट मात्र नीट वेगळी करून सांगायला लागते, नाहीतर मुलं भिंत आणि पटल यात गोंधळ करतात आणि तो गोंधळ बारावीपर्यंत जातो. भिंत चाळणीसारखी असते, तिच्यातून पाणीही जातं आणि मीठ-साखरही जाते. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवतं पेशीपटल. यासाठी बीट वापरा. कच्च्या बीटाच्या चकत्या करा, दोन-तीनदा धुवा म्हणजे कापताना ज्या पेशी फुटल्या त्यांचा रंग निघून जाईल, मग काही चकत्या गार पाण्यात आणि काही अगदी कडकडीत गरम पाण्यात टाका (गरम पाणी तुम्ही ओता, तिला ओतू देऊ नका). गार पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहतं, गरम पाणी बघता बघता लाल. भिंत दोन्हीकडे शाबूत आहे, चकतीचा आकार तसाच आहे, पण उष्णतेने पटल निकामी झालं आणि रिक्तिकेतला रंग बाहेर पडला. बटाट्याचा प्रयोगही उकडलेल्या बटाट्यावर करून बघा म्हणावं, होणारच नाही, कारण पटल जिवंत नाही तर परासरण कसलं.

हे एकदा कळलं की स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळाच आहे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालायचं, आधी घातलं तर पाणी सुटतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की खार सुटतो, फोडीतलं पाणी बाहेर आलं. आणि लोणचं टिकतं ते याच्याच जोरावर, कारण त्या खारात एखादा जिवाणू पडला तर त्याच्यातलंही पाणी तसंच ओढलं जातं आणि त्याला वाढता येत नाही. मोरंबा टिकतो तो साखरेने, तत्त्व तेच. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात, त्याच फुगलेल्या मनुका साखरेच्या घट्ट पाकात टाकल्या की परत सुरकुततात.

शेतात हेच जरा गंभीर होतं. कुंडीत युरिया जास्त पडला की रोप करपतं, आणि लोक म्हणतात "उष्णता झाली". झालेलं असं असतं की मातीतलं पाणी मुळाच्या पेशींपेक्षा जास्त खारट झालं आणि मुळांना पाणी घेणं जमेना, उलट जायला लागलं. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णेच्या काठाला ज्या जमिनी वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिल्याने क्षारपड झाल्यात, तिथेही मुळापाशी हाच प्रकार चालू असतो. माती ओली आहे आणि पीक सुकतंय. माझ्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं असायची तेव्हा ही गोष्ट मला शिकवायला लागायची नाही, मी फक्त परासरण म्हणायचे आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, बाई, आमच्या खालच्या रानात असंच झालंय. आणि कोकणात खाडीला गेलात तर तिवराचं पान चाटून बघा, खारट लागतं, कारण ते झाड खाऱ्या चिखलातून पाणी घेतं आणि जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं.

आता तुमच्या मुलीचा खरा प्रश्न, प्राण्याला भिंत का नाही. तिला विचारा, तुझ्या हाताच्या स्नायूच्या प्रत्येक पेशीला कडक खोका असता तर तो आखडला-पसरला असता का? प्राणी म्हणजे हलणं. अन्न शोधायला जायचं, पळायचं, गिळायचं. आपली पांढरी पेशी जंतूला चारी बाजूंनी कवटाळून गिळते, भिंत असती तर कवटाळणार कशी. तांबडी पेशी साधारण ७-८ मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरमधे १२५ च्या आसपास ओळीत बसतील एवढी, आणि सगळ्यात बारीक केशवाहिन्या तिच्यापेक्षाही अरुंद असू शकतात, तिथून ती दुमडून, वाकून निघून जाते. भिंतवाल्या पेशीला हे शक्य नाही. झाडाला मात्र हे करायची गरज नाही, त्याचं अन्न ऊन, हवा आणि पाण्यातून जागेवरच तयार होतं, म्हणून त्याला भिंत परवडते. मी मुलांना सांगते की हरितलवक (पेशीतले हिरवे कण, जे हे अन्न बनवतात) आणि भिंत या दोन गोष्टी तक्त्यात वेगवेगळ्या ओळीत असल्या तरी एकमेकींच्या सोबतीने वाचा, जो जागेवर जेवतो त्याला चालायची गरज नसते.

पण भिंत नसण्याची किंमत मोजायला लागते, आणि पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात नेमकं हेच नसतं. टायर नसलेली ट्यूब आहे ना, म्हणजे पाणी आत येत राहिलं तर फुटणार. रक्ताचा थेंब साध्या पाण्यात टाकला तर तांबड्या पेशी खरंच फुगून फुटतात. म्हणून दवाखान्यात शिरेतून नुसतं पाणी कधीच देत नाहीत, सलाइन देतात, त्यात ०.९ टक्के मीठ असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, कारण तेवढ्यावर पेशीतलं आणि बाहेरचं जुळतं. पुस्तकात समपरासारी द्रावण म्हणतात ते हेच. आणि आपल्या किडन्या दिवसरात्र जे करतात त्यातलं एक मोठं काम म्हणजे शरीरातल्या पेशींभोवतालचं हे पाणी ना जास्त खारट ना कमी खारट, असं राखणं. झाडाला किडनी नाही. पावसात मुळं आठवडाभर गोड्या पाण्यात भिजली तरी त्याच्या पेशी पाणी पिऊन फुटत नाहीत, भिंत थोपवते (मुळं कुजतात ती हवा न मिळाल्याने, तो विषय वेगळा). डबक्यातला अमिबा बघा, त्याला भिंतही नाही आणि किडनीही नाही, गोड्या पाण्यात राहतो, म्हणजे सतत पाणी आत शिरणार, मग तो काय करतो, त्याच्यात एक संकोची रिक्तिका असते ती भरते आणि रिकामी होते, भरते आणि रिकामी होते, होडीत शिरलेलं पाणी माणूस डब्याने उपसतो तसं.

थोडा इतिहास सांगते कारण तो इथे नेमका बसतो. १६६५ मधे रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि त्याला खोल्याखोल्या दिसल्या, त्यांना त्याने सेल म्हटलं. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल, आतलं सगळं संपलेलं, म्हणजे त्याने बघितल्या त्या नुसत्या भिंती. पेशीला सेल हा शब्द ज्या गोष्टीवरून मिळाला ती गोष्ट आपल्या शरीरातल्या एकाही पेशीला नाही! झाडाच्या पेशी भिंतीमुळे ठळक दिसतात, प्राण्यांच्या तशा दिसत नाहीत, कडा पुसट. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १८३८ मधे श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मधे श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं की दोघेही पेशींचेच बनलेत. केंद्रकाला नाव दिलं रॉबर्ट ब्राऊनने १८३१ मधे, तेही ऑर्किडच्या पेशी बघताना. मुलं हे सन पाठ करतात, करू देत, पण हूकला काय दिसलं आणि काय दिसलं नाही हे विचारलं तर जास्त चांगलं.

आणि भिंत बघायला सूक्ष्मदर्शकच हवा असं नाही. कापूस घ्या. सरकीवरचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी, बियांच्या सालीवरची एक पेशी जी लांब होत होत अडीच-तीन सेंटिमीटर झाली आणि मग मेली, मागे राहिली जवळजवळ शुद्ध सेल्युलोजची भिंत. विदर्भातल्या शेतातून निघून ती आपल्या अंगावर येते. मुलीच्या युनिफॉर्ममधला धागा उसवून तिच्या हातात द्या. पोळपाट-लाटणं, दाराची सागवानी चौकट, वहीचा कागद, सगळ्या भिंतीच आहेत, राहणारे निघून गेलेले.

भाजी शिजते म्हणजे तरी काय होतं, दोन शेजारच्या पेशींच्या भिंतींमधे पेक्टिन नावाचं खळीसारखं द्रव्य असतं, ते उष्णतेने विरघळतं, पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि बटाटा मऊ लागतो. आंबट पदार्थ असेल तर ते विरघळणं मंदावतं, म्हणून आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ-भाजी शिजल्यावर घालायची असं आपल्या आज्या सांगायच्या, ते अगदी बरोबर आहे. सेल्युलोज मात्र शिजूनही आपल्याला पचत नाही, तो चोथा म्हणून पुढे जातो. गाईला पचतं कारण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तो फोडतात.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते ती आता. जिवाणूंनाही भिंत असते, पण सेल्युलोजची नाही, वेगळ्या पदार्थाची. १९२८ मधे अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलीन सापडलं, आणि पेनिसिलीन करतं काय तर जिवाणूला ही भिंत नीट बांधू देत नाही. जिवाणू वाढत असतो, भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरत राहतं आणि तो फुटतो. टायर फाटला, ट्यूब गेली. आणि आपल्या पेशींना भिंतच नाही म्हणून या औषधाला आपल्याकडे मोडायला काही मिळत नाही (कोणाला ॲलर्जी असते, ती शरीराची वेगळी प्रतिक्रिया आहे, म्हणून डॉक्टर आधी विचारतात). म्हणजे "प्राणीपेशीला भिंत नसते" या एका ओळीवर कोट्यवधी माणसांचे जीव वाचलेत. आपल्या पिंपरीत १९५४ मधे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली ती पेनिसिलीन देशात बनावं म्हणूनच. आणि सर्दीवर अँटिबायोटिक का चालत नाही याचंही उत्तर तिला इथेच मिळेल, सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते, विषाणूला पेशीच नाही तर भिंत कुठून असणार.

मशरूमचं ती विचारेलच, सगळे विचारतात. भिंत आहे पण कायटिनची, झिंग्याच्या कवचात असतं ते द्रव्य, आणि हरितलवक नाही, म्हणून ती वनस्पती नाही, कवक आहे, म्हणजे बुरशीच्या गटातली. भिंत दिसली की वनस्पती असं समीकरण करू नका एवढंच.

अजून दोन चुका मला दरवर्षी तपासताना दिसतात म्हणून लिहिते. पहिली, मुलांना वाटतं की तंतुकणिका प्राण्यात आणि हरितलवक झाडात, जणू वाटणी झालीय. झाडात दोन्ही असतात. हरितलवक साखर बनवतो, पण ती साखर वापरून ऊर्जा काढायला झाडालाही तंतुकणिकाच लागते, आणि ते काम दिवसाही चालतं, रात्रीही चालतं. "झाडं फक्त रात्री श्वसन करतात" हे उत्तरपत्रिकेत लाल करून करून माझं पेन संपतं. दुसरी चूक मॉडेलची. थर्माकोलवर चपटा हिरवा चौकोन चिकटवतात, त्यात कोपऱ्यात रिक्तिका एवढीशी. पेशी चपटी नसते. बुटाचा खोका घ्या, त्यात पाणी भरलेला मोठा फुगा ठेवा, ती रिक्तिका, आणि केंद्रक वगैरे सगळं फुगा आणि खोका यांच्या फटीत कुठेतरी दाबून बसवा. खोक्याच्या आतून पातळ प्लॅस्टिकची पिशवी लावली की ते पेशीपटल. असं मॉडेल दिसायला साधं असतं पण बरोबर असतं.

यूट्यूबवर अंडं व्हिनेगरमधे ठेवून कवच काढायचा प्रयोग दिसेल, करायला छान आहे, दोन दिवसात कवच विरघळतं आणि मग अंडं पाण्यात फुगतं, पाकात आकसतं. फक्त त्यातला पापुद्रा म्हणजे पेशीपटल असं तिला सांगू नका, तो कवचाच्या आतला वेगळा पडदा आहे. कोंबडीची अंडपेशी म्हणजे आतला पिवळा बलक, एकच मोठी पेशी.

शाळेत सूक्ष्मदर्शक मिळणार असेल तर कांदा बघताना लाल कांदा न्यायला सांगा. फोडीच्या बाहेरच्या जांभळ्या बाजूवरचा पापुद्रा हळूच सोलायचा, तो जरा तुटतो पण नखाएवढा तुकडा पुरे. स्लाइडवर एक थेंब पाणी, वर काच, जांभळ्या पेशी विटांसारख्या दिसतात, जांभळा रंग आहे तो रिक्तिकेतला. आता काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा म्हणजे मीठ आत ओढलं जाईल. दोन-चार मिनिटात जांभळा भाग भिंतीपासून सुटून मधे गोळा होतो, भिंत जागच्या जागी उभी. पटल आणि भिंत वेगवेगळ्या आहेत हे तिला तेव्हा डोळ्याने दिसेल. मग साधं पाणी सोडलं की जांभळा परत पसरून भिंतीला टेकतो. पांढऱ्या कांद्यावर हे दिसायला अवघड जातं, आयोडीन घालून केंद्रक छान दिसतं पण आयोडीनने पेशी मरते, म्हणून हा प्रयोग आयोडीन न घालता. गालाची पेशी बघायची तर गालाच्या आतून स्वच्छ कापसाच्या काडीने हलकेच, मिथिलिन ब्लूचा एक थेंब, आणि तिथे कडा कशा वेड्यावाकड्या, घडी पडल्यासारख्या दिसतात ते कांद्याच्या शेजारी वहीत काढायला सांगा.

आणि जर्नलमधे कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपके काढू नको म्हणावं. कांदा जमिनीत वाढतो, त्या पेशीत हरितलवक नसतात. जे दिसलं तेच काढायचं, पुस्तकातली आकृती नाही.